आता जायचं कुणाकडे?

उरलेल्या मोबाइल कंपन्यांनो,

तिघींना मिळून एकच पत्र लिहिते आहे, राग मानू नका. आधी तीन वेगळी लिहायची होती. पण तुमच्या पॅकचे दर एका कागदावर शेजारी शेजारी मांडले आणि बेत सोडून दिला. मायना सोडला तर बदलायला काही उरतच नव्हतं.

तुम्हाला आठवत असेलच, २०२४च्या जूनची २७ तारीख. जिओनं दरवाढ जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी एअरटेलनं केली, व्होडाफोन आयडियानंही, म्हणजे व्हीआयनंही, केली. ३ जुलैला दोघींचे नवे दर लागू झाले, ४ जुलैला तिसरीचे. एअरटेलचा आणि व्हीआयचा ८४ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक ७१९ रुपयांना होता. दोघींकडेही तो ८५९ला गेला. जिओचा आणि एअरटेलचा वर्षाचा पॅक २,९९९ला होता, तो दोघींकडेही ३,५९९ झाला. २८ दिवसांसाठी तिघींच्या दारात २९९ची पाटी लागली.

ठरवून केलंत असा आरोप मी करत नाही. ठरवायची गरज तरी कुठे उरली आहे? गावात तीनच वाणी राहिले की एकानं साखरेचा भाव वाढवलेला दुसऱ्याला ओट्यावर बसूनच कळतो. त्यासाठी रात्री दार लावून बैठक घ्यावी लागत नाही.

माझं दुखणं निराळं आहे. ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. जायला दुसरीकडे काही ठेवलंत का?

आठवून पाहा. २० जानेवारी २०११. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय त्या दिवशी देशभर सुरू झाली. टीव्ही लावला की तुमच्याच जाहिराती. तिकडे रेंज मिळत नाही? बिल फुगतंय? फोन कुणी उचलत नाही? नंबर घ्या आणि आमच्याकडे या. १९००वर मेसेज टाकायचा, कोड यायचा, तो घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, एक फोटो आणि आधीचं बिल द्यायचं, झालं. सोसायटीच्या जिन्यात कोण कुठून कुठे गेलं याच्या गप्पा व्हायच्या. ग्राहक म्हणून आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटायचं.

आणि खरोखरच होतं. तेव्हा रिचार्जच्या दुकानावरच्या पाट्या वाचायलाच वेळ लागायचा. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, रिलायन्स, टाटा डोकोमो, एअरसेल, युनिनॉर. मुंबईत वर लूप आणि एमटीएनएल, बाकी महाराष्ट्रात बीएसएनएल. दुकानदाराकडे जाडजूड वही असायची आणि तो विचारायचा, ‘तुमचे फोन जास्त कुठे होतात? गावाला की इथल्या इथे? रात्री बोलता का दिवसा?’ मग तो पानं उलटून सांगायचा. त्याला निवडायला काहीतरी होतं, म्हणून तो प्रश्न विचारत होता.

टाटा डोकोमोची तर आठवण करून द्यायलाच हवी. २००९ साल. तोवर तुमच्यातल्या जुन्या दोघी मिनिटाचा हिशेब लावत होत्या. दहा सेकंद बोललं तरी पैसे अख्ख्या मिनिटाचे. ही नवी आली आणि म्हणाली, सेकंदाला एक पैसा. काही महिन्यांत तुम्हीही सेकंदावर उतरलात. तुम्हाला आमची दया आली म्हणून नव्हे. एक जास्तीची दारात येऊन उभी राहिली होती म्हणून.

कुठे आहे ती? १ जुलै २०१९ला तिचे ग्राहक एअरटेलच्या पदरात गेले. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात टेलिनॉरचे गेले होते, म्हणजे जुन्या युनिनॉरचे. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं २०१७च्या अखेरीस फोनसेवेचा गाशा गुंडाळला. एअरसेल महाराष्ट्रात २०१८च्या जानेवारीअखेर बंद झाली आणि पुढच्या महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज घेऊन उभी राहिली. लूप तर त्याआधीच, २०१४च्या नोव्हेंबरअखेर, परवान्याची मुदत संपली आणि गेली. एअरटेल तिला विकत घेणार होती, तो सौदा ऐन वेळी फिसकटला. बीपीएलच्या काळापासून तोच नंबर सांभाळणारे मुंबईकर नंबर वाचवायला पोर्टिंगच्या मागे धावत सुटले.

मग ३१ ऑगस्ट २०१८. व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. ४० कोटींवर ग्राहक, देशातली सगळ्यांत मोठी कंपनी. मुंबईत ज्यांनी मॅक्स टच म्हणून कार्ड घेतलं होतं त्यांचं आधी ऑरेंज झालं होतं, मग हच, मग व्होडाफोन. २०२०च्या सप्टेंबरात ते व्हीआय झालं. माणूस तोच, नंबर तोच. दर वेळी नवा रंग, नवी जाहिरात आणि ‘आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे’ असा एक मेसेज. आमच्या परिवारात या, असं आम्ही कधी म्हटलं होतं? आम्हाला कुणी विचारलं होतं?

लग्न ठरताना दोन्ही घरचे बोलतात, निदान तसा रिवाज आहे. तुमच्या विलीनीकरणात कोर्टाला विचारलं, सरकारला विचारलं, भागधारकांना विचारलं. ज्यांची नावं त्या वह्यांतून या वह्यांत जाणार होती त्यांना एक एसएमएस.

२०१७च्या मार्चमध्ये, हा सौदा जाहीर करताना, तुम्ही गुंतवणूकदारांना आकडा सांगितला होता. दोघी एकत्र आल्या की वर्षाला १४,००० कोटी रुपयांचा फायदा. एकाच टेकाडावर दोन टॉवर कशाला, एकाच गल्लीत दोन दुकानं कशाला, असा तो हिशेब. चांगला हिशेब आहे. त्यात आमच्यासाठी काय धरलं होतं? एक टॉवर उतरला तर उरलेल्यावर दोघींचे ग्राहक चढणार, हे कुणी मांडलं होतं का? आज त्या ४० कोटींतले जवळजवळ निम्मे उरलेत. हे लोक रुसून गेले असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन, वाट बघून गेले.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. स्पेक्ट्रमचं कर्ज. २४ ऑक्टोबर २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा (सरकारला द्यायच्या महसुली वाट्याचा) निकाल, त्यानं हजारो कोटींची थकबाकी बोडक्यावर आली. २०१६ला जिओ आली आणि फुकट वाटत सुटली, मग बाकीच्यांचा कणाच मोडला. सगळं खरं आहे. त्यातलं काहीही आम्ही केलेलं नाही. लिलावात बोली तुम्ही लावलीत. महसूल कशाला म्हणायचं यावर सरकारशी पंधरा-सोळा वर्षं तुम्ही भांडलात. आम्ही फक्त रिचार्ज मारत होतो.

आणि फुकटाचं म्हणाल, तर ते आम्ही मागितलं होतं का? २०१६च्या १ सप्टेंबरला, सगळ्या देशादेखत, जिओनं सांगितलं होतं की फोनवर बोलायचे पैसे यापुढे लागणार नाहीत, पैसे फक्त डेटाचे. यापुढे म्हणजे कायमचं, असाच आम्ही अर्थ घेतला. दुसरा कोणता घ्यायचा होता? तीन वर्षांनी, २०१९च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या कंपनीच्या नंबरावर बोलायला मिनिटाला ६ पैसे लागले. इंटरकनेक्ट शुल्क म्हणे, नियामकाकडे बोट दाखवलंत. २०२१च्या १ जानेवारीला ते काढलंत, हेही नोंदवते. पण शब्द मोडला तेव्हा ‘माफ करा’ असं एक वाक्य कुठे वाचल्याचं मला आठवत नाही.

शब्दाचंच निघालंय तर आत्याचं सांगते.

माझी आत्या संगमेश्वर तालुक्यात राहते, ऐंशीच्या पुढची आहे. फोन बटणांचा. रेंज माजघरात येत नाही, पडवीच्या उजव्या कोपऱ्यात येते, म्हणून फोन तिथल्या खुंटीला पिशवीत टांगलेला असतो. २००६ साली आम्ही तिच्यासाठी ९९९ रुपये भरून ‘लाइफटाइम’ कार्ड घेतलं. कोणत्या कंपनीचं ते लिहीत नाही. त्या दिवसांत झाडून सगळ्यांनीच ते विकलं होतं. एकदाच पैसे भरा, आयुष्यभर फोन येत राहतील, पुन्हा रिचार्जची भानगड नाही. पुढे खुलासा झाला की हे आयुष्य ग्राहकाचं नव्हे, कंपनीच्या परवान्याचं. आत्यानं अजून ते पाकीट फडताळात ठेवलंय, वीजबिलांच्या पावत्यांसोबत, दोरा बांधून.

२०१८ संपता संपता तुमच्यातल्या दोघींनी नवीन नियम आणला. दर २८ दिवसांनी निदान ३५ रुपयांचा रिचार्ज, नाहीतर आधी जाणारे फोन बंद, मग येणारे. खात्यात पैसे असलेल्या ग्राहकाची सेवा अशी तडकाफडकी तोडू नका, असं तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायनं तुम्हाला लिहिलं होतं. त्या पत्राचं काय झालं? ३५चे पुढे ७९ झाले, ७९चे ९९, आणि २०२४पर्यंत दोघींकडेही २८ दिवसांची सुरुवातच १९९ला गेली. फोन करण्याचे नव्हेत हे पैसे. फोन येऊ देण्याचे.

त्यानंतरची गोष्ट. वाडीत गॅसचा टेम्पो ठरल्या दिवशी येतो. सिलिंडर उतरवण्याआधी पोरगा मोबाइलवर आलेला कोड मागतो. त्या दिवशी कोड आलाच नव्हता. फोन चालू, चार्जिंग भरलेलं, खात्यात २२ रुपये शिल्लक. फक्त व्हॅलिडिटी संपून काही दिवस झाले होते आणि आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. पोरगा तरी काय करणार, सिलिंडर परत गेला. आत्यानं चूल पेटवली. संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवरून तिनं मला विचारलं, ‘अगं, माझे पैसे आत आहेत ना त्यांच्याकडे? मग बंद का केलान?’

काय सांगायचं तिला? तुम्हीच सुचवा.

२०१३ सालचा एक नियम आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. ९० दिवस फोन वापरला नाही तरी खात्यात २० रुपये असतील तर नंबर काढून घ्यायचा नाही. म्हणजे नंबर तिचा राहील, पण त्याच्यावर कुणाचा फोन येणार नाही. घर तिचं, दार तुमचं.

तर गेल्या आठवड्यात, चिंचवडला घरी बसून, मी आत्यासाठी पॅक निवडायला घेतला. तिघींची ॲप उघडली. काय तो बाजार! ‘पॉप्युलर’, ‘बेस्ट सेलर’, ‘ट्रूली अनलिमिटेड’. रोज एक जीबी, रोज दीड, रोज दोन, रोज अडीच. सिनेमे बघायची वर्गणी घातलेला, क्रिकेट घातलेला, गाणी घातलेला. पडद्यावर बोट ओढत गेलं तरी यादी संपत नाही. बटणांच्या फोनवर आत्या क्रिकेट कुठे बघणार आहे?

एवढ्या पॅकांत तिच्यासारखीचा पॅक शोधायला गेलं की तो तळाशी असतो, कधी ‘व्हॅल्यू’ नावाच्या कप्प्यात, कधी ‘अदर्स’ नावाच्या. वर का ठेवत नाही? २०२५च्या ऑगस्टमध्ये जिओचा आणि एअरटेलचा २४९चा पॅक असाच पाठोपाठ ॲपवरून दिसेनासा झाला. मग सांगितलं की आमच्या दुकानात गेलात तर मिळतो, तेही एकीकडेच. ज्याला स्वस्तातलं हवं त्यानं पायपीट करायची, महागाचं मात्र बोटाच्या टोकाशी. ही मांडणी कुणी ठरवली असेल ते मला बघायचंय.

तीन ॲपमधून शेवटी उरलं काय? फक्त बोलण्याचा, डेटा नसलेला ८४ दिवसांचा पॅक. एकीकडे ४४८, दुसरीकडे ४६९, तिसरीकडे ४७०. दोघींत फरक एका रुपयाचा. आणि जिथे आत्या राहते तिथे पडवीच्या कोपऱ्यात रेंज येते ती एकाच कंपनीची. दुसरीची सड्यावर चढून गेलं की येते. तिसरीची पार दुसऱ्या गावाला गेलं की येत असेल. म्हणजे तासभर तिन्ही ॲप चाळून मी निवडलं काय? जे आधीच ठरलेलं होतं ते.

हा बिनडेटाचा पॅक तरी तुम्ही आपणहून दिलात का? ज्यांना फक्त बोलायचंय त्यांना डेटाचे पैसे का, असं ट्रायनं विचारलं तेव्हा तुम्ही तिघींनी विरोध केला होता. सध्याचे पॅक पुरेसे आहेत म्हणालात. २०२४च्या डिसेंबरात नियमच आला, मग जानेवारीत पॅक काढलेत. पहिले दर असे की डेटा काढून घेतला आणि किंमत जवळपास तिथेच. ट्रायनं ‘तपासून बघतो’ म्हटल्याबरोबर काही दिवसांत ४९९चे ४६९ झाले, १,९५९चे १,८४९, आणि ४५८चे ४४८. म्हणजे कमी करता येत होते. आमच्यासाठी करता येत नव्हते.

२८ दिवसांचंही तसंच. महिना ३०-३१ दिवसांचा, पगार महिन्याला, घरभाडं महिन्याला, दुधाचं बिल महिन्याला. तुमचा महिना तेवढा चार आठवड्यांचा. त्यामुळे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. हे कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं का? लोकांनी आरडाओरडा केला, २०२२च्या जानेवारीत ट्रायनं सांगितलं की निदान काही पॅक ३० दिवसांचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला करता येणारे ठेवा. तुम्ही ठेवलेत. अगदी सांगितले तेवढेच.

दर वाढवूच नका असं मी म्हणत नाही, हे नीट ऐका. टॉवरला डिझेल लागतं, केबल तुटतात, पाचवी पिढी फुकट येत नाही. आमच्याकडचा डेटा जगातल्या स्वस्तांपैकी आहे हे तुम्ही म्हणता, ते खरंही आहे. दर ग्राहकामागे महिन्याला ३०० रुपये मिळाल्याशिवाय परवडत नाही असं एअरटेलनं किती वर्षं जाहीरपणे सांगितलंय. मिळवा की. पण ज्याला डेटा नको त्याच्या गळ्यात डेटा बांधून ते ३०० करू नका. स्वस्त डेटाचं कौतुक आत्याला सांगून काय उपयोग? तिला तो नकोच आहे.

आणखी एक गोष्ट मनात राहिलीय. पुण्यातल्या माझ्या स्वतःच्या नंबरासाठी मध्यंतरी मी कंटाळून १९००वर मेसेज टाकला. कोणाकडून कोणाकडे, ते राहू दे. कोड येऊन अर्धा तास झाला नसेल, फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा यंत्र नव्हे, माणूस. ‘मॅडम, काय प्रॉब्लेम झाला? तुमच्यासाठी एक स्पेशल ऑफर आहे, ॲपवर दिसणार नाही.’ माझ्या चालू पॅकपेक्षा शंभरावर रुपयांनी कमी, डेटा जास्त.

मी त्या मुलाला काही बोलले नाही. तो पगारावर बोलत होता. तुम्हाला विचारते. ही ऑफर काल कुठे होती? वेळच्या वेळी, एक दिवस न चुकवता रिचार्ज मारणाऱ्या बाईला पूर्ण भाव, आणि निघून जाते म्हणणारीला सूट? मुकाट राहणाऱ्याची किंमत तुमच्याकडे एवढीच असेल तर ते पाटीवर तरी लिहा.

नंबर टाकून देऊन मोकळं व्हावं, असंही मनात येतं. पण त्या दहा आकड्यांवर आता बँक आहे, आधार आहे, गॅस आहे, पैसे पाठवायचं ॲप आहे, मुलाच्या कॉलेजची फी आहे, आईच्या औषधांच्या दुकानाचं खातं आहे. ९० दिवस बंद राहिला की तोच नंबर उद्या तुम्ही दुसऱ्या कुणाला देऊ शकता, आणि माझ्या बँकेचे मेसेज त्याच्या खिशात जातील. हे तुम्ही घडवलं नाही, मान्य आहे. सरकारनं आणि बँकांनी आमचं सगळं त्या नंबराला बांधलं. पण गाठ आयती तुमच्या हातात आली, आणि तुम्ही ती ओढून बघताय, किती ताणली जाते ते.

दिल्लीच्या ट्रायलाही या पत्राची प्रत पाठवते आहे. दर बाजारानं ठरवायचे, आम्ही फक्त लक्ष ठेवतो, ही त्यांची भूमिका जुनी आहे. पाट्या वाचायला वेळ लागायचा तेव्हा ती शोभली. आता बाजार म्हणजे तुम्ही तिघी आणि एक सरकारी. तिघींतल्या एकीत २०२५च्या एप्रिलपासून जवळपास ४९ टक्के मालकी सरकारचीच आहे, थकलेल्या देण्यांच्या बदल्यात घेतलेली. मग बाजार म्हणजे नेमकं कोण, आणि लक्ष कोण कुणावर ठेवतंय, एवढं त्यांनी एकदा बसून सांगावं.

सरकारी चौथीबद्दल फार लिहीत नाही, तिच्याबद्दलची माया आणि चीड दोन्ही जुनी आहे. २०२४च्या जुलैत तुमची दरवाढ झाली तेव्हा बीएसएनएलला एका महिन्यात २९ लाखांच्या आसपास नवे ग्राहक मिळाले. ते तिच्या प्रेमात पडून गेले नव्हते. तिचं फोर-जी तेव्हा जागोजागी नव्हतंच, देशभराचं उद्घाटन व्हायला २०२५चा सप्टेंबर उजाडला. रेंज नाही हे माहीत असूनही लोक तिच्याकडे गेले. एवढ्यावरून तरी तुम्हाला काही समजायला हवं होतं. तुम्ही काय समजलात? थोड्या महिन्यांनी त्यातले पुष्कळ जण परत येतील, असं. आणि आले. कुठे जाणार होते?

तेच तर मघापासून विचारते आहे.

मागण्या मोठ्या नाहीत. फक्त बोलणाऱ्यांचा पॅक ॲपवर पहिल्या पानावर ठेवा. खात्यात पैसे असतील तोवर येणारा फोन आणि येणारा कोड अडवू नका. सोडून जाणाऱ्याला जो भाव देता तो राहणाऱ्यालाही द्या. आणि पुढच्या वेळी तुमच्यातल्या दोघी एकत्र व्हायचं ठरवाल, तर आधी ग्राहकांसमोर या आणि आमचा कोणता टॉवर राहणार, कोणता जाणार, ते गावाच्या नावानिशी सांगा. आम्ही ऐकून घेऊ. आतापर्यंत ऐकतच आलो आहोत.

आत्याचा ८४ दिवसांचा रिचार्ज परवा मारला. शेवटची तारीख तिनं कालनिर्णयवर पेनानं गोल करून ठेवली आहे, गॅसच्या तारखेच्या खाली. तोवर हा पॅक याच नावाचा, याच भावाचा, ॲपवर कुठेतरी शिल्लक असेल ना? एवढं तरी वेळेवर कळवा. एसएमएसनं कळवलंत तरी चालेल, पण मराठीत लिहा.

तुमचीच
(दुसऱ्या कुणाची होणार?)
एक प्रीपेड ग्राहक, चिंचवड